कठीण महाविद्यालय की चांगले महाविद्यालय?

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या या समारंभात दोन शब्द बोलण्यासाठी मला पाचारण करून आपण माझा जो बहुमान केलात, त्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा मनःपूर्वक आभारी आहे. वस्तुतः मी वक्ता नव्हे. ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्यास ‘तोंड उघडा’ असे सांगण्यात गेले, त्याच्यावर स्वतःचे तोंड उघडण्याची पाळी आली म्हणजे तो थोडा गोंधळतो. तरी आपण सारी घरचीच माणसे आहात. माझे बोलणे तुटक वाटले तर सांभाळून घ्याल, अशी खात्री आहे.

आजचा विषय मी स्वतः निवडलेला नाही. तो आपल्यापैकीच काही पालकांनी माझ्यावर सोपविला आहे. दरवर्षी ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की आपल्या ज्ञातीतील चार-सहा कुटुंबे माझ्याकडे येतात. मुलाला किंवा मुलीला दंतवैद्यकाकडे जावयाचे असते आणि कोणते महाविद्यालय पसंत करावे, हा प्रश्न असतो. यंदा एकाच आठवड्यात दोन गृहस्थ येऊन गेले. एक म्हणाले, “काका, जिथे अभ्यास फार कठीण नाही असे कॉलेज सांगा, पोरगी नापास झाली तर वर्षाचे पैसे बुडतील.” दुसरे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, सर्वांत कठीण कॉलेज सांगा. कठीण तेच चांगले.” दोघेही शहाणे, दोघेही मुलांच्या काळजीने आलेले. पण दोघांनीही एकच प्रश्न विचारला होता, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे तो प्रश्नच अपुरा होता. तो पुरा कसा करावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातच उत्तराचे बीज आहे. दंतवैद्यकाचे स्वतंत्र असे जगातील पहिले महाविद्यालय अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १८४० साली निघाले. तोपर्यंत ही विद्या बहुतांशी एखाद्या जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करूनच मिळत असे. आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय स्थापन केले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची पदवी घेऊन आलेला हा गृहस्थ. सरकारने पुढे १९६४ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली आणि आजचे शासकीय दंतमहाविद्यालय १९३८ साली सुरू झाले. नागपूरचे शासकीय महाविद्यालय १९६८ चे, गोव्याचे १९८० चे आणि औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, १९८२ चे. मध्यंतरी १९४८ साली दंतवैद्यक कायदा झाला व या विद्येस देशभर एक शिस्त आली. आज देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. आमच्या पिढीला निवड करण्याचा प्रश्नच पडत नसे. जिथे प्रवेश मिळेल तिथे जावयाचे. आजच्या पालकापुढे निवड आहे, आणि निवड आली की चूकही आली.

आता ‘कठीण’ या शब्दाकडे वळू. बी. डी. एस. चा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन व दातांची रचना. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, दंतसाहित्य आणि निर्जीव दातांवरचा हाताचा सराव. पुढील दोन वर्षांत खऱ्या रुग्णावर काम. ही चौकट देशभर जवळजवळ सारखी आहे. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याला संलग्न असलेल्या सर्व महाविद्यालयांची, मग ती सरकारी असोत वा खाजगी, विद्यापीठ परीक्षा एकच असते. अभिमत विद्यापीठे तेवढी आपल्या परीक्षा आपण घेतात. तेव्हा एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांपैकी एक पुस्तकी अभ्यासाच्या दृष्टीने फार सोपे आणि दुसरे फार कठीण, असे होण्याचे कारण उरत नाही. ग्रंथ तेच, प्रश्नपत्रिका तीच. मग फरक कोठे पडतो? तो पडतो रुग्णाच्या खुर्चीपाशी.

आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. वैद्यकाच्या इतर शाखांत विद्यार्थी बराच काळ पाहून शिकतो. प्रत्यक्ष शस्त्र हाती यावयास त्याला वर्षे लागतात. दंतवैद्यकाचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षीच हाती इंजेक्शन घेऊन रुग्णाच्या जबड्याला भूल देतो आणि चिमट्याने दाढ काढतो. पदवी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा दवाखाना थाटू शकतो. पहिल्या वर्षी त्याला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावयास लावतात; दुसऱ्या वर्षी ‘फँटम हेड’ नावाच्या कृत्रिम डोक्यावर कीड कोरणे व दात भरणे शिकवितात. शिकागोचे डॉ. जी. व्ही. ब्लॅक यांनी १९०८ सालच्या आपल्या ग्रंथात किडलेल्या दाताच्या पोकळ्यांचे जे वर्गीकरण केले, त्याचे पहिले धडे आजही मुले त्याच डोक्यावर गिरवितात. हे सारे कशासाठी? तर जिवंत माणसाच्या तोंडात हात घालण्यापूर्वी तो हात कापू नये यासाठी. म्हणून दंतमहाविद्यालय म्हणजे अर्धे विद्यालय आणि अर्धी कार्यशाळा होय. कार्यशाळेची परीक्षा तिच्या पाटीवरून होत नाही. तेथे प्रत्येक उमेदवाराच्या हातून किती काम जाते आणि ते कोण तपासतो, यावरून होते.

येथे मला एक शब्द समजावून सांगितला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी तो सदैव असतो : ‘कोटा’. अमुक इतक्या दाढा काढावयाच्या, इतके दात भरावयाचे, इतक्या कवळ्या बसवावयाच्या, इतक्या जणांच्या हिरड्या साफ करावयाच्या, आणि प्रत्येक कामावर अध्यापकाची सही घ्यावयाची. कोटा पुरा झाल्याखेरीज परीक्षेस बसता येत नाही. ही पद्धत मुळात चांगली आहे. पण सही आणि काम या दोन वस्तू भिन्न आहेत. आणि महाविद्यालया-महाविद्यालयांतील खरा फरक या दोहोंमधील अंतरातच दडलेला असतो. जिथे अध्यापक काम सुरू होण्यापूर्वी तोंडात पाहतो, मध्ये पाहतो, शेवटी पाहतो आणि मगच सही करतो, ते महाविद्यालय विद्यार्थ्याला कठीण वाटते. जिथे वहीवर तारीख घालून एकदम दहा सह्या होतात, ते सोपे वाटते. पहिल्या ठिकाणचा विद्यार्थी चार वर्षे कुरकुरतो. दुसऱ्या ठिकाणच्या विद्यार्थ्याचे रुग्ण पुढे चाळीस वर्षे कुरकुरतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझाच अनुभव सांगतो. त्यात माझी थोरवी मुळीच नाही. मी ज्या महाविद्यालयात शिकलो त्याचे नाव घेत नाही, कारण दोष त्याचा जेवढा तेवढाच माझाही होता. दाढा काढण्याचा कोटा पुरा करण्यासाठी आम्ही मुले सकाळी बाह्यरुग्ण विभागात जाऊन म्हाताऱ्या माणसांचे हलणारे दात शोधीत असू. हलणारा दात दोन मिनिटांत हाती येतो, सही मिळते आणि वहीतील आकडा पुढे सरकतो. घट्ट दाढेचा रुग्ण आला की तो आम्ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे लोटीत असू. अध्यापकांनी कधी विचारले नाही. आम्ही कधी सांगितले नाही. वर्षअखेर माझा कोटा वर्गात सर्वांआधी पुरा झाला आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

पदवीनंतर एका तालुक्याच्या गावी मी दवाखाना घातला. तिसऱ्याच आठवड्यात एक शेतकरी खालची दाढ दुखते म्हणून आला. तरणाबांड माणूस, हाड भक्कम, दाढ घट्ट. मी भूल दिली, चिमटा लावला आणि दाढेचा माथा तुटून हातात आला. मुळे जबड्यातच राहिली. दीड तास मी त्या मुळांशी झगडलो. घाम माझ्या चष्म्यावरून त्याच्या छातीवर टपकत होता. अखेरीस मी हत्यार खाली ठेविले आणि त्याला म्हणालो, “बाबा, हे माझ्याच्याने होत नाही. मी चिठ्ठी देतो, जिल्ह्याच्या ठिकाणी जा.” गालाला रुमाल धरून तो संध्याकाळच्या एस. टी. ने गेला. ती रात्र मला झोप आली नाही. नंतर आठ-दहा दिवसांनी तो परत आला. मला वाटले, भांडावयास आला असेल. त्याने बायकोला पुढे केले आणि म्हणाला, “हिची दाढ दुखती. झेपत असली तर काढा, नसली तर आधीच सांगा. तुम्ही खरं बोलता म्हणून आणली.” बंधुभगिनींनो, त्या वाक्याने मला जेवढे शिकविले तेवढे माझ्या पदवीने शिकविले नाही. त्यानंतर मी दवाखाना बंद ठेवून सहा महिने एका ज्येष्ठ शल्यविशारदाच्या हाताखाली बिनपगारी उभा राहिलो आणि जे तिसऱ्या वर्षी शिकावयास हवे होते ते तेथे शिकलो.

याच्या उलट एक आठवण कवळीची आहे. त्याच महाविद्यालयात कवळीच्या विभागात एक अध्यापिका होत्या. वरचा व खालचा जबडा नेमका कसा मिटतो हे मेणाच्या पट्टीवर टिपून त्यात दात मांडावे लागतात. एका वृद्धाच्या कवळीचे दात त्यांनी मला सात वेळा मेणातून काढून पुन्हा मांडावयास लाविले. सहाव्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, “हे आजोबा या दातांनी भाकरी खाणार आहेत, सही खाणार नाहीत.” पुढे आयुष्यभर मी ज्या कवळ्या केल्या, त्यांपैकी फार थोड्या परत आल्या. एकच इमारत, एकच विद्यार्थी. एका विभागाने मला घडविले आणि दुसऱ्याने सोडून दिले. म्हणून एखादे महाविद्यालय सरसकट चांगले वा वाईट म्हणताना मी आजही अडखळतो.

यावरून कठीणपणाचे दोन प्रकार आपल्या ध्यानात येतील. एक कठीणपणा हाताला वळण लावतो. दुसरा नुसताच छळतो : नोंदवह्या पुनःपुन्हा उतरवून काढावयास लावणे, रुग्णासमोर विद्यार्थ्याचा पाणउतारा करणे, वैयक्तिक रागातून प्रात्यक्षिकात अडविणे. असल्या कडकपणाने कोणी चांगला दंतवैद्य झाल्याचे मी पाहिले नाही. भित्रे मात्र पुष्कळ झाले, आणि भित्रा विद्यार्थी आपली चूक लपवितो. आमच्या व्यवसायात लपविलेली चूक रुग्णाच्या जबड्यात राहते.

आता सरकारी आणि खाजगी यांची तुलना. येथे न्यायाने बोलले पाहिजे. मुंबई, नागपूर यांसारख्या ठिकाणच्या जुन्या सरकारी व महापालिकेच्या महाविद्यालयांत रुग्णांची रीघ असते. शेजारी मोठी सार्वजनिक रुग्णालये असल्यामुळे अपघातात मोडलेला जबडा, मधुमेह्याचा सुजलेला गाल, तोंडाचा कर्करोग, सारे विद्यार्थ्याच्या डोळ्यांखालून जाते. विदर्भात खर्रा खाण्याच्या सवयीमुळे तोंड आखडून दोन बोटेही आत जात नाहीत असे तरुण रुग्ण मोठ्या संख्येने येतात. अशा तोंडात काम करावयास शिकलेला विद्यार्थी पुढे कोठेही अडत नाही. शुल्कही खाजगीच्या मानाने कित्येक पटींनी कमी. पण गर्दीची दुसरी बाजू अशी की, एका रुग्णाला वेळ थोडा मिळतो, दाढा काढण्याचे काम उदंड होते, आणि खर्चाची नाजूक कामे विद्यार्थ्याच्या वाट्याला कमी येतात. बिघडलेली खुर्ची दुरुस्त होण्यासही कधी कधी बराच काळ जातो.

खाजगी महाविद्यालयांत याच्या उलट दिसते. खुर्च्या नव्या, यंत्रे आधुनिक, काही ठिकाणी अध्यापक अत्यंत निष्ठावान. काही संस्थांनी खेडोपाडी शिबिरे भरवून, स्वस्तात उपचार देऊन रुग्णांचा विश्वास संपादन केला आहे, आणि तेथील शिक्षण कोणत्याही सरकारी संस्थेच्या तोडीचे आहे. परंतु शहरापासून दूर माळावर उभ्या असलेल्या काही इमारतींत मी खुर्च्यांच्या लखलखीत रांगा पाहिल्या आणि त्यांवर रुग्ण पाहिले नाहीत. तेथील विद्यार्थी नातेवाइकांना, खानावळीच्या नोकराला, रिक्षावाल्याला विनवून आणतात. जाण्यायेण्याचे भाडेही स्वतःच्या खिशातून देतात. ज्या पित्याने जमीन गहाण ठेवून शुल्क भरले, त्याच्याच मुलाला शिकण्यासाठी रुग्णही विकत आणावा लागावा, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

तेव्हा पालकहो, माझी आपणास एकच विनंती आहे. पसंतीक्रम भरण्यापूर्वी साध्या कामाच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, त्या महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावर तासभर जाऊन बसा. कोणाची ओळख काढू नका, कार्यालयात जाऊ नका. किती रुग्ण येतात ते मोजा. विद्यार्थी स्वतः काम करतो की नुसता उभा आहे, ते पाहा. अध्यापक खुर्चीपाशी येऊन तोंडात डोकावतो की टेबलाशी बसून वह्यांवर सह्या करतो, तेही पाहा. एका रुग्णाची हत्यारे दुसऱ्याला लावण्यापूर्वी निर्जंतुक होऊन येतात ना, याकडे लक्ष द्या. मग बाहेर चहाच्या टपरीवर आंतरवासितेतील एखाद्या मुलाला विचारा : “बाळा, तू स्वतःच्या हाताने किती घट्ट दाढा काढल्यास? किती रूट कॅनाल पुरे केलेस? तुझी कवळी बसविलेला रुग्ण पुन्हा तुला भेटावयास आला का?” या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या महाविद्यालयाचा मुलगा न अडखळता देईल, ते चांगले समजावे. निकालाची टक्केवारी आणि छापील माहितीपत्रक त्यानंतर पाहावे.

आणखी एक गोष्ट थोड्या संकोचाने बोलतो. आपल्या घरांतून दंतवैद्यकाकडे जाणाऱ्यांत आज मुलींची संख्या अधिक आहे, ही अभिमानाची बाब आहे. पण महाविद्यालय निवडताना मुलासाठी आपण ‘चांगले’ शोधतो आणि मुलीसाठी ‘जवळचे’. “एवीतेवी लग्नानंतर ती किती प्रॅक्टिस करणार?” हे वाक्य मी आपल्याच बैठकीत ऐकले आहे. बंधूंनो, जिचा हात नीट शिकला नाही ती खरोखरच प्रॅक्टिस करू शकणार नाही, आणि मग आपण म्हणू, ‘पाहा, आम्ही म्हटलेच होते!’ मला सात वेळा दात मांडावयास लावणाऱ्या त्या अध्यापिकेच्या पित्यानेही जवळचेच महाविद्यालय पाहिले असते, तर माझी विद्या कोठे राहिली असती?

परीक्षेच्या भीतीबद्दलही दोन शब्द. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. व्यवसायाची अनुज्ञा मिळण्यासाठी पदवीच्या अखेरीस देशभर एकच परीक्षा घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. आपली जी मुले ब्रिटनमध्ये जाऊ इच्छितात त्यांना तेथील परीक्षेच्या दुसऱ्या भागात कृत्रिम डोक्यावर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. त्या वेळी परीक्षक वहीतील सह्या पाहत नाही; हात पाहतो. तेव्हा सोपे महाविद्यालय शोधून आपण मुलाची परीक्षा टाळीत नाही. ती फक्त पुढे ढकलतो, आणि ती पुढे अधिक महाग पडते.

शेवटी मंडळाला एक सूचना. आपला विद्यार्थी साहाय्यक निधी गुणपत्रिका पाहून कर्जाऊ मदत देतो. ते योग्यच आहे. पण लाखांचे शुल्क भरण्यासाठी एखादे कुटुंब घर गहाण टाकावयास निघाले, तर त्यास पैसा देण्याआधी सल्ला देणे हेही मंडळाचे कर्तव्य आहे. आपल्या ज्ञातीत आज निरनिराळ्या शहरांत काम करणारे दंतवैद्य आहेत. त्यांची एक लहान समिती नेमावी. तिने दरवर्षी उन्हाळ्यात इच्छुक मुलांना व पालकांना बरोबर घेऊन दोन-तीन महाविद्यालयांचे बाह्यरुग्ण विभाग दाखवावेत. आणि प्रवेश मिळालेल्या मुलांनी तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुट्टीत आमच्या दवाखान्यांत येऊन उभे राहावे. मी म्हातारा झालो आहे, तरी माझ्या दवाखान्याचे दार या कामासाठी उघडे आहे. घट्ट दाढ कशी काढावी, हे दाखविण्याची मला विशेष हौस आहे. ते मी फार उशिरा शिकलो.

विद्यार्थी मित्रांनो, आपला आज सत्कार झाला. गळ्यात हार पडले. हे हार आपल्या गुणांचे आहेत. उद्या आपल्यापुढे एक माणूस तोंड उघडून, डोळे मिटून, खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसेल. त्याला आपले गुण ठाऊक नसतील, महाविद्यालयाचे नावही ठाऊक नसेल. त्याने डोळे मिटले आहेत ते आपल्या हातावर भरवसा ठेवून. त्या भरवशास पात्र व्हावयास जिथे शिकवितात तेच महाविद्यालय चांगले. मग ते कठीण असो वा सोपे, सरकारी असो वा खाजगी, दूर असो वा जवळ.